फार चांगलं बसवलेलं इंजिन

माझ्या भावाला, ओरेस्टला, आमच्या गावात कुणी मूर्ख म्हणत नाही. म्हणायचं झालंच तर मी म्हणते, आणि तो हक्क माझा एकटीचा आहे, कारण मी त्याची थोरली बहीण. कापणीच्या यंत्रांचा तो मेकॅनिक. गोल छपराच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याचा सगळा जन्म गेला, आणि त्या जन्मात त्याला वेड एकच, यंत्र गप्प असलं पाहिजे. खडखड नको, करकर नको, घरघर नको. माझ्याकडे जेवायला यायचा आणि शेजारच्या खोलीत माझी मुलगी शिलाई मशीन चालवत असली की हातातला काटा खाली ठेवून तिकडे जायचा. पेरोगी, म्हणजे आमच्या बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, गार व्हायच्या, त्यांच्यावरचं लोणी थिजायचं. मी ओरडायची, "अरे मेल्या, आधी गिळून तरी घे!" तो मशीनच्या पोटात डोकं घालून म्हणायचा, "नेटी, हे ऐकताना घास उतरत नाही गं माझ्या घशाखाली."

अशा माणसाला बायको मिळाली व्हर्ना. पोस्टात काम करायची. बोलायला धारदार, हसायला मोकळी, आणि लग्नात येताना बरोबर घेऊन आली ती गाडी. गुरांचा एक इंग्रज डॉक्टर आमच्या सास्काचेवानच्या थंडीला कंटाळून मायदेशी परत गेला, त्याची ती फिकट पिवळी एमजी. दोन माणसांची, छप्पर मागे दुमडणारी, आणि इतकी बुटकी की व्हर्ना खडीच्या रस्त्यानं निघाली की कडेच्या गवतावरून नुसता तिच्या डोक्याचा रुमाल पळताना दिसायचा. उन्हाळ्यातल्या आमच्या संध्याकाळी संपता संपत नाहीत. कामावरून आली की ती काही कारण नसताना निघायची. धूळ उठायची, सोनेरी होऊन तशीच हवेत राहायची, आणि ती खाली बसेपर्यंत व्हर्ना पार आभाळाच्या कडेला पोचलेली असायची. मी पायरीवर वाटाणे सोलत ते बघत बसायची. कितीदा तरी वाटाणे सांडलेत माझे.

इंजिन किती वेगानं फिरतंय हे दाखवणारा त्या गाडीतला काटा केव्हाच बंद पडला होता. ओरेस्ट मागे लागायचा, "दुरुस्त करू दे." व्हर्ना म्हणायची, "काटा कशाला? ती सांगते की मला." गिअर ती कानानं बदलायची. चार सिलिंडरचं ते छोटं इंजिन, त्याचा आवाज जरा वर चढला की हिचा हात आपोआप दांड्यावर. ओरेस्टसारखा कानाचा तिखट माणूससुद्धा म्हणायचा की व्हर्नाचा गिअर पडलेला कळत नाही.

आणि नेमकं तिचंच ऐकणं गेलं.

एकदम नाही गेलं. आधी पाखरं गेली. मग चहाच्या किटलीची शिट्टी, मग फोनची घंटा, मग लहान मुलांचे आवाज, मग आमचे. रेजायना शहरातल्या डॉक्टरनं कानात घालायची यंत्रं दिली. घरात ती थोडीफार चालायची, पण उघड्या गाडीत वारा लागला की डोक्यात शिट्ट्या. तिनं ती काढून खणात टाकून दिली. गिअर करकरायला लागले. गावात शिरताना लोक माना वळवून बघायचे. एकदा चौकात इंजिन बंद पडलं आणि तिला कळलंच नाही. पॅडल दाबून बसून राहिली. मागे गॉर्डीचा ट्रक, आणि गॉर्डी म्हणजे धान्याच्या कोठाराचा जुना मॅनेजर, धीर म्हणून नाही त्याच्यात. त्यानं हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. तोही तिला ऐकू आला नाही. शेवटी तो उतरून तिच्या खिडकीशी गेला, आणि तिचा चेहरा बघून त्याची त्यालाच लाज वाटली. हे त्यानंच मला सांगितलं.

घरी येऊन व्हर्ना म्हणाली, "आता ती मला काही सांगत नाही." गाडीवर जुनी गोधडी घातली. त्या दिवसापासून ती खिडकीशी बसायची आणि रस्ता बघायची. चेष्टा केली तरी ती हसून मान हलवायची, कारण चेष्टा तिच्यापर्यंत पोचलेलीच नसायची.

ओरेस्टनं काय केलं, तर मिशी काढली. लग्नाच्या आधीपासूनची जाडजूड मिशी, ओठ झाकून टाकणारी. व्हर्ना आता ओठ वाचायची ना. मी दार उघडलं तर दारात हा सोललेल्या बटाट्यासारखा उभा. मी हसले आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडले.

त्या वर्षीच्या सुगीत कोठारापाशी मालगाडी भरत होती. दोन मोठी डिझेल इंजिनं जागच्या जागी घुमत उभी होती. हे दोघं पोस्टातून परत येत होते. व्हर्ना चालता चालता थांबली. ओरेस्टला वाटलं, चक्कर आली. तर ती रुळांकडे बघत म्हणाली, "ऐकू येतंय."

"कुठं?"

"कानात नाही रे. पायातून वर येतंय. इथं बरगड्यांत बसतंय." आणि गाडी भरून निघून जाईपर्यंत ती तिथून हलली नाही.

संध्याकाळी तो माझ्याकडे आला तेव्हा त्याचं तोंड असं होतं की लहानपणी त्याला पहिला चाकू मिळाला तेव्हाच मी ते तसं पाहिलं होतं. "नेटी," म्हणाला, "तिच्या गाडीत मोठं इंजिन घालतो. आठ सिलिंडरचं. खालच्या आवाजाचं. पातळ आवाज तिला गेले, जाड राहिलेत. गाडी परत तिच्याशी बोलेल."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" मी म्हटलं. "ती शेळी आहे शेळी. तिच्या पोटात बैल कोंबणार तू? पुढचं नाक जमिनीला टेकेल!"

"बैल हलका आहे," तो म्हणाला.

खरंच होतं ते. फार पूर्वी एका लहान ब्युइक गाडीत अल्युमिनियमचं इंजिन यायचं. आकारानं जवळजवळ दुप्पट, पण वजनाला एमजीच्या ओतीव लोखंडी इंजिनापेक्षा कमीच. तसली ब्युइक गावाबाहेर शेती करणाऱ्या झेन्कोबाईंच्या झुडपांत पडून होती. आमच्याकडे प्रत्येक शेताच्या कडेला वारा अडवायला झुडपांची रांग असते, आणि संपलेल्या गाड्या त्या झुडपांत नेऊन ठेवायच्या, ही रीत. कुणी विकत नाही, कुणी मोडत नाही. तिथं त्या झोपतात. मी ओरेस्टबरोबर गेले होते. ब्युइकच्या तळातून गवत वर आलं होतं, मागच्या सीटवर सशाचं बिऱ्हाड, काचेतून हिरवा उजेड झिरपत होता. मला क्षणभर वाटलं, आत बसावं आणि उठूच नये. झेन्कोबाईंनी इंजिन दिलं आणि बदल्यात म्हणाल्या, "माझा विहिरीचा पंप रात्रभर रडतो, तेवढा गप्प कर." ते तर ओरेस्टचं आवडतं काम.

व्हर्नाला विचारायचं राहिलं होतं. तो तिच्यासमोर बसला, उजेडाकडे तोंड करून, आणि सावकाश म्हणाला, "व्हर्ना, तुझ्या गाडीत मोठं इंजिन बसवू?"

ती म्हणाली, "बसव. पण मी ती विकायचंच म्हणत होते. सास्काटून शहरातला एक माणूस उन्हाळ्यात बघायला येणार आहे. चालवता येत नाही अशी वस्तू डोळ्यांसमोर नको वाटते मला."

ओरेस्टनं हूं केलं. तेवढंच. पण मी बघत होते. ती गाडी गेली की मग व्हर्ना खिडकीशी बसली ती उठायचीच नाही, हे त्याला कळलं होतं.

तो सबंध हिवाळा मला आता स्वप्नासारखा आठवतो. बर्फ शेडच्या खिडक्यांपर्यंत चढलेलं, आत निळसर उजेड, कोपऱ्यात लाकडाची शेगडी. मी विणकाम घेऊन जायची आणि शेगडीशी पेंगायची. डोळे उघडले की समोर साखळीला टांगलेलं ते चकचकीत इंजिन हळूहळू झुलत असायचं, आणि ओरेस्ट त्याच्याखाली हात धरून उभा. बोटभर खाली घ्यायचा, थांबायचा, परत वर. स्टिअरिंगची दांडी एक्झॉस्टच्या पाइपला अडायची. मग पाइप कापला, वळवला, चाकांच्या वरून बाजूनं बाहेर काढला. पुन्हा बोटभर खाली. बाहेर वारा सुटला की मला वाटायचं, ही शेड बर्फावरून तरंगत कुठंतरी चालली आहे, आम्ही दोघं भावंडं आणि ते इंजिन, आणि कुठं पोचायची घाई कुणालाच नाही.

पण काम म्हणजे काम. पिस्टन वजनात एकमेकांशी रतीभरही वेगळे नकोत म्हणून माझा स्वयंपाकघरातला वजनकाटा पळवून नेला, पीठसुद्धा पुसलं नव्हतं त्यावरचं. इंजिनाखाली जाड रबर, गिअरबॉक्सखाली रबर, सीटखाली रबर. सायलेन्सर एक नाही, दोन. पायाखाली लोकरीचा जाड नमदा अंथरला. मी विचारलंही, "इतकं कशाला रे?" तर म्हणाला, "व्हर्नाची गाडी आहे, नेटी." पुढं काय बोलणार?

बर्फ गेलं, रस्ते वाळले, आणि को-ऑपच्या दुकानात रोज सकाळी कॉफीला बसणारी निवृत्त मंडळी कप हातात घेऊनच शेडमध्ये आली. सबंध हिवाळा त्यांनी याची टिंगल केली होती. गॉर्डी तर म्हणायचा, "ओरेस्ट, बसवून झालं की एक छपरावर पण बसव, विमान होईल." आता ओरेस्टनं इंजिन चालू केलं. गॉर्डीनं खिशातून नाणं काढलं आणि चालत्या इंजिनाच्या डोक्यावर कडेवर उभं केलं. आमच्याकडे कारागिराची परीक्षा अशी घेतात. नाणं उभं राहिलं. पडेना. हलेचना. म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या.

"अरे, हे इंजिन आहे का पाळण्यातलं पोर?" गॉर्डी म्हणाला. ओरेस्ट कानापर्यंत लाल झाला. इतका खुश मी त्याला त्याच्या लग्नातही पाहिला नव्हता.

मग त्यानं इंजिन बंद केलं आणि व्हर्नाला बोलावून आणलं. तिनं रुमाल बांधला होता. त्याच्यासाठी बांधला असेल. सीटवर बसली, दोन्ही हात स्टिअरिंगच्या चाकावर ठेवले. ओरेस्टनं वाकून स्वतःच किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं. आम्ही सगळ्यांनी ऐकलं. खालच्या पट्टीतलं, मऊ, मागच्या खोलीत कुणी गुणगुणावं तसं. आम्ही तिच्या चेहऱ्याकडे डोळे लावून उभे.

व्हर्नानं जरा वाट पाहिली. मग ओरेस्टकडे वळून प्रेमानं म्हणाली, "कर ना चालू."

गॉर्डी हातातल्या नाण्याकडे बघत राहिला. ओरेस्टचा तो उघडा वरचा ओठ थरथरायला लागला. व्हर्ना हुशार बाई. तिनं एकेकाचं तोंड पाहिलं आणि तिला समजलं. चाकावरून हात फिरवत म्हणाली, "छान झालंय रे. फार छान दिसतंय." आणि उतरून घराकडे चालायला लागली. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. त्या 'छान'नं माझा भाऊ जागच्या जागी मोडला.

त्यानंतर तो शेडकडे फिरकेना. परसात उलटी बादली टाकून त्यावर बसायचा. मी थोडे दिवस कळ काढली. पण मला राग आला की तो मुरत नाही, नासतो. गेले एका दुपारी आणि समोर उभी राहिले.

"कुणासाठी केलंस रे ते इंजिन?"

"हे काय विचारणं?"

"नाही, सांग. गॉर्डीच्या नाण्यासाठी केलंस. त्या कॉफीवाल्या थेरड्यांनी टोप्या काढाव्यात म्हणून केलंस. तुला गप्प यंत्र आवडतं, आवडू दे. पण तिच्याभोवती सगळं जगच गप्प झालंय, ओरेस्ट, आणि त्यात तू आणखी एक गप्प वस्तू घरी आणलीस!"

त्यानं बादलीच्या कडेची माती नखानं खरवडली. मग म्हणाला, "मी काम चांगलं केलं होतं, नेटी."

"फारच चांगलं केलंस. तिथंच घात झाला."

"मग वाईट करायला लागेल."

"येतं का तुला?"

"नाही," तो उठत म्हणाला. "शिकतो."

आणि शिकला. पण काय यातना! इंजिनाखालचं रबर काढलं आणि तिथं लोखंडाचे ठोकळे घातले, म्हणजे इंजिनाचा प्रत्येक हिसका सरळ गाडीच्या हाडात. गिअरबॉक्सला तेच. सीट नुसत्या पत्र्यावर आवळली. नमदा फेकला. एक सायलेन्सर कापून टाकला. शेवटचे बोल्ट आवळताना त्यानं चक्क डोळे मिटून घेतले होते, दाढ काढताना माणूस मिटतो तसे. गॉर्डी सहज म्हणून डोकावला आणि किंचाळायचाच बाकी राहिला.

"अरे, हे काय करून ठेवलंस? एक रबर तरी ठेव! सांगाडा तडकेल."

"तडकला तर जोडीन."

"माणसात कसा बसणार तू ही गाडी घेऊन?"

"मला कुठं बसायचंय तिच्यात," ओरेस्ट म्हणाला.

तोवर मोहरीसारख्या पिवळ्या फुलांचा कनोला शेतांत फुलला होता. आमच्याकडे तो फुलला की जमीन आणि ऊन यांत फरकच राहत नाही. चहूकडे पिवळं, वर भलंमोठं आभाळ, आणि वारा आला की सबंध मुलूख झोपेत कूस बदलल्यासारखा हलतो. अशा एका संध्याकाळी ओरेस्टनं व्हर्नाला हाताला धरून शेडमध्ये आणलं. ती नाइलाजानंच आली. येता येता मला म्हणाली, "नेटी, याला सांग ना, नको आता. पुढच्या आठवड्यात तो माणूस येतोय." मी म्हटलं, "बस गं एकदा. माझ्यासाठी बस." ओठ नीट हलवून म्हटलं.

या वेळी ओरेस्टनं किल्लीला हात लावला नाही. किल्ली तिच्या हातात दिली आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिला. दारात गॉर्डीही येऊन उभा होता.

तिनं किल्ली फिरवली. देवा रे देवा! छपराचे पत्रे गुणगुणायला लागले. वरून वर्षानुवर्षांची धूळ खाली आली. बाकावरचा माझा चहाचा कप आपल्या पायांनी चालत कडेला गेला आणि खाली पडून फुटला. व्हर्नाचे हात चाकावरून उडाले, भाजल्यासारखे. मग हळूच परत टेकले. तिनं डोळे मिटले. पॅडल थोडं दाबलं, सोडलं. जास्त दाबलं, सोडलं. तिचे खांदे, हनुवटी, कानातले डूल, सगळं थरथरत होतं. आणि तिचं तोंड हळूहळू उघडत गेलं.

ओरेस्ट पुढं झाला, काहीतरी सांगायला. सांगायचं राहूनच गेलं. बाईसाहेब निघाल्या! आमच्याकडे वळूनही पाहिलं नाही. दारातली खडी उडाली ती गॉर्डीच्या नडगीवर बसली, आणि तो एका पायावर नाचत म्हणाला, "आठ सिलिंडर आहेत रे बाबा, आहेत."

आम्ही दारात उभे. पिवळ्यात पिवळी गाडी दिसेनाशी झाली, नुसती धूळ दिसत होती. ओरेस्टनं मान खाली घातली होती, डोळे बंद, आणि पुटपुटत होता, "दुसरा... थांब, थांब... हां. तिसरा. बरोबर टाकला गं. बरोबर." एकही गिअर करकरला नाही. आवाज लांब गेला, शेतांच्या पलीकडून वळला, कमी झाला, पुन्हा वाढला. मी ॲप्रनला डोळे पुसत होते आणि मला कुणाची लाज वाटत नव्हती.

ती आली तेव्हा सावल्या लांबल्या होत्या. तोंड धुळीनं माखलेलं, रुमाल कुठंतरी उडून गेलेला, केसांचं घरटं झालेलं. इंजिन चालूच ठेवून तिनं ओरेस्टकडे पाहिलं.

"दात खिळखिळे झाले माझे," ती ओरडली. आपण किती मोठ्यानं बोलतो ते तिला कळायचं नाही, पण त्या दिवशी मोठ्यानंच बोलायला हवं होतं. "असलं भिकार काम केलंय कुणी?"

ओरेस्ट तिच्यासमोर आला, उजेडाकडे तोंड केलं आणि म्हणाला, "मी."

"हात लावलास त्याला तर याद राख. आणि त्या सास्काटूनच्या माणसाला कळव, यायचं कारण नाही." मग शेजारच्या सीटवर थाप मारली. "बस. मी चालवते."

तो बसला. एवढा उंच माणूस, गुडघे हनुवटीला लावून. इतक्यात त्याच्या बाजूच्या दारात एक बोल्ट वाजायला लागला. टिक टिक टिक टिक, थांबायचं नाव नाही. मी ओरेस्टचं तोंड पाहिलं. त्याला ऐकू आला होता. पाना कायम त्याच्या खिशात असतो. हात खिशाकडे गेला, तिथं जरा घुटमळला, आणि परत येऊन गुडघ्यावर बसला. व्हर्नानं गिअर टाकला.

गाडी वळणापर्यंत जाईतो तो बोल्ट मला ऐकू येत होता. मला येत होता म्हणजे त्याला येतच असणार. वळणावर गाडीचा वेग वाढला.